नंतर सांगते

धाकटी चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि जाताना तो तिचे कान घेऊन गेला. तेव्हापासून तिच्या आणि जगाच्या मधे एक माणूस कायमचं येऊन उभं राहिलं. ती म्हणजे तिची थोरली बहीण. थोरली वयानं फार मोठी नव्हती, पण पोक्तपणा जन्मापासूनच अंगावर घेऊन आली होती. शाळेत बाई काय म्हणाल्या ते थोरली सांगायची, दुकानदार काय म्हणाला ते थोरली सांगायची, पाहुणे कशाला हसले तेही थोरलीच सांगायची. सांगायची असं आपलं म्हणायचं. धाकटीनं बाही ओढली की थोरली ओठ मोठे करून म्हणायची, "नंतर सांगते." ते नंतर बहुतेक वेळा उगवायचंच नाही. उगवलंच तर दहा मिनिटांच्या गप्पांचं थोरलीच्या तोंडून एक वाक्य व्हायचं: "काही नाही गं, असंच."

धाकटी ओठ वाचायला शिकली ती यामुळे. कुणी शिकवलं नाही. उपाशी माणूस डबे हुडकायला शिकतो तशी ती शिकली. पण ओठ महालबाड. मामा, बाबा, पापा हे सगळे ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. लहानपणी घरी आलेल्या निम्म्या पुरुषांना ती बाबा म्हणायची आणि घर पोट धरून हसायचं. का हसतात? नंतर सांगते.

पुढे दोघींची लग्नं झाली आणि दोघी एकाच ठिकाणी कामाला लागल्या. दातांच्या लॅबमध्ये. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या करून द्यायच्या, असं तिथलं काम. धाकटी सिरॅमिकच्या टेबलावर बसायची. ओल्या पुडीचे थर बारीक ब्रशनं चढवायचे, त्याला दाताचा आकार द्यायचा, मग भट्टीत भाजायचं. थोरली पुढच्या काउंटरवर डॉक्टरांचे फोन घ्यायची. म्हाताऱ्या मालकांनी दोघींना एकदमच ठेवून घेतलं होतं. "एक कामाला, एक सांगायला," असं ते गमतीनं म्हणत. ही गंमत थोरलीनं धाकटीला कधी सांगितली नव्हती; धाकटीनं ती मालकांच्या ओठांवरून टिपली होती.

जुन्या जागेत धाकटीचं बरं चाललं होतं. भट्टीचं काम झालं की भट्टी शिटी मारायची. ती शिटी धाकटीला ऐकू येत नाही म्हणून पॉलिशवाल्या काकांनी एक वायर ओढून तिच्या टेबलावर पिवळा दिवा लावून दिला होता. शिटी वाजली की दिवा लागायचा. इतकं सोपं. वर्षानुवर्षं एकही दात जळला नाही.

मग म्हातारे मालक घरी बसले आणि लॅब त्यांच्या जावयाकडे आली. माणूस तसा वाईट नव्हता. नीटनेटका, हसतमुख, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. समोर सगळे त्याला साहेब म्हणत आणि पाठीमागे जावई. त्यानं लॅब नव्या जागेत नेली. पांढऱ्या फरश्या, काचेच्या भिंती, नव्या भट्ट्या. आणि दातांची भुकटी नाकातोंडात जाते म्हणून सगळ्यांना दिवसभर मास्क.

पिवळा दिवा जुन्या जागेतच राहिला. आणि मास्क आले तसे सगळे चेहरे घराला कुलूप लावून निघून गेल्यासारखे झाले. टेबलाशी येऊन माणसं भुवया उडवायची, हात नाचवायची, मधे नुसतं निळं कापड हलायचं. धाकटी म्हणायची, "मास्क खाली." ते घाईघाईनं खाली करायचे, अर्धं वाक्य बोलायचे आणि जावई काचेआडून बघतोय असं वाटलं की परत वर. अर्ध्या वाक्याचं काय करायचं? चाटायचं?

धाकटी थोरलीला म्हणाली, "साहेबांना सांग. मला दिवा पाहिजे. नाहीतर ह्यांच्याकडे आहे तसला पट्टा."

ह्यांच्याकडे म्हणजे तिच्या नवऱ्याकडे. तोही बहिरा. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. तिथल्या मालकानं त्याला मनगटावर बांधायचा एक पट्टा दिला होता. मशीननं धोक्याची घंटा दिली की पट्टा मनगटावर थरथरायचा. नवरा तो घरीसुद्धा मिरवायचा आणि हातांनी म्हणायचा, "बायकोनं हाक मारली तरी थरथरतो, पण तो भीतीनं."

थोरलीनं दोन दिवसांनी निरोप आणला. "साहेब म्हणाले, बघू."

महिनाभरानं पुन्हा विचारलं. "बघू म्हणालेत." मग धाकटीनं रोज विचारायला सुरुवात केली आणि थोरली वैतागली. "किती मागे लागशील? नवीन माणूस आहे. जरा दमानं घे."

धाकटीनं दमानं घेतलं. रोज घरी येऊन नवऱ्यापुढे ती जावयाची नक्कल करायची. खिशातली दोन पेनं, वर उचललेली हनुवटी, आणि "बघू, बघू" करत गायीसारखी हलणारी मान. नवरा हसून लोळायचा. ती हसायची नाही. आपण भट्टीसमोरून दिवसातून कितीदा उठतो, कितीदा जाऊन काचेतून आत डोकावतो, हातातला ओला थर तेवढ्यात सुकतो, पुन्हा करावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. इतर लोक कानांनी जे फुकटात करत होते त्यासाठी ती दिवसभर पाय झिजवत होती, आणि तो माणूस बघू म्हणत होता.

काकांनी तात्पुरती सोय म्हणून स्वतःहून सांगितलं होतं, "मी भट्टीजवळच बसतो. शिटी झाली की तुझ्या टेबलावर टकटक करीन." टकटक झाली की टेबल हलायचं, धाकटीला कळायचं. कधी काका टकटक करायचे, कधी विसरायचे. एका दुपारी ते विसरले. धाकटी एका अवघड कॅपमध्ये गुंतली होती. ती उठून गेली तोवर भट्टीतला ब्रिज करपून पिवळा पडला होता. पेशंट डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसायच्या बेतात होता आणि दात नव्हते. डॉक्टरांनी फोनवरून थोरलीला जे सुनावलं ते थोरलीनं आत येऊन सांगितलं नाही. पण तिची मान लाल झालेली धाकटीनं काचेतून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची मीटिंग आहे, असं फळ्यावर लिहिलं गेलं.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं तिच्या फोनमध्ये काहीतरी घातलं. छापखान्यातल्या एका पोरीनं त्याला दाखवलं होतं. फोन समोर ठेवायचा, माणसं बोलतील ते अक्षरांत उमटतं. दोघांनी आधी टीव्हीवर करून बघितलं. बातम्या देणारी बाई म्हणे हवामान खात्यानं गाजराचा इशारा दिला आहे. शेजारच्या आजींना बोलावून बोलायला लावलं. आजी म्हणाल्या, "मला मेलीला काय कळतंय यातलं?" आणि फोननं लिहिलं, "मला मिळालेला काय कळतंय यातलं." तरीही धाकटी त्या पडद्याकडे बघतच राहिली. आजी इतक्या वर्षांच्या शेजारीण, पण त्यांचं एक वाक्य, जसंच्या तसं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ती पहिल्यांदा घेत होती. थोडं चुकीचं का असेना. कुणी कापून, निवडून, सोलून दिलेलं नव्हतं.

मीटिंगला थोरली नेहमीप्रमाणे धाकटीच्या शेजारी येऊन बसली. धाकटीनं फोन टेबलावर ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही; टेबलावर सगळ्यांचेच फोन होते. जावई उभा राहिला आणि मास्कमधूनच बोलू लागला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"काल फ्रीज जळाला."

धाकटीनं दचकून कोपऱ्यातल्या फ्रीजकडे पाहिलं. तो धडधाकट होता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रिज.

"डॉक्टर फार चिडलेत. मी कुणाला दोष देत नाही. पण भट्टी वाजते आणि त्यांना कळत नाही हे खरं आहे ना. असा धोका किती दिवस घ्यायचा. मला वाटतं त्यांना पॅकिंगला देऊ. तिथे ऐकायचं काही नसतं. सिरॅमिकला नवीन मुलगा घेऊ."

त्यांना म्हणजे कुणाला, हे कळायला फोनची गरज नव्हती. खोलीतले सगळे डोळे तिच्यावरून सरकून गेले. पॅकिंग म्हणजे डब्या, कापूस आणि चिकटपट्टी. तेवढ्यात शेजारी थोरलीचा मास्क हलला आणि खाली नवी ओळ आली.

"हो हो साहेब. मी समजावीन तिला. ती माझं ऐकते."

फोननं या वाक्यात एकही चूक केली नव्हती.

"मी तुम्हाला इथे येतानाच विचारलं होतं ताई. त्यांना दिवा वगैरे काही लागेल का. तुम्हीच नको म्हणालात."

"हो साहेब पण मी आहे ना. तिच्यासाठी वेगळं काही कशाला. लोकांना वाटतं हिचे फार लाड."

धाकटीनं ती ओळ दोनदा वाचली. मग तिनं थोरलीची बाही ओढली, लहानपणी ओढायची तशीच, आणि विचारलं, "काय म्हणतायत?"

थोरलीनं मास्क खाली केला. चेहरा कसा अगदी शांत, मायेचा. "काही नाही गं. कामाचंच. नंतर सांगते."

धाकटी उठली. तिला स्वतःचा आवाज आठवत नव्हता, पण तो कसा असावा हे तिनं लोकांच्या तोंडांवरून ताडलं होतं. दुकानात बोलली की माणसं डोळे बारीक करायची. म्हणून थोरलीनं तिला लहानपणीच शिकवलं होतं, चारचौघांत बोलायचं नाही, मला सांग, मी बोलते. आज तिनं फोन उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वरपासून. एकेक शब्द.

"काल. फ्रीज. जळाला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. ती वाचत राहिली. धोका किती दिवस घ्यायचा. त्यांना पॅकिंगला देऊ. हो हो साहेब. मी समजावीन तिला. "ती माझं ऐकते" इथे आल्यावर ती थांबली, थोरलीकडे वळली आणि ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश, तिच्या तोंडावर वाचलं. थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लाडांपर्यंत सगळं वाचून झाल्यावरच धाकटीनं फोन खाली ठेवला.

जावयाचा मास्क जोरजोरात हलू लागला. पडद्यावर इमानेइतबारे उमटलं, "हे रेकॉर्डिंग चाललंय का. हे चालणार नाही. फोन बंद करा."

"हे माझे कान आहेत," धाकटी म्हणाली. "तुम्ही तुमचे बंद करा. मग मी करते."

"अहो, मी विचारलं होतं. तुमच्या बहिणीला विचारा."

"बहिणीला का? भट्टीवर कोण बसतं? तुम्हाला चष्मा लागला तेव्हा डॉक्टरांनी नंबर कुणाला विचारला? तुमच्या भावाला?"

जावयाला राग आला. त्यानं मीटिंग संपल्याचं सांगितलं, यापुढे मीटिंगमध्ये फोन आणायचा नाही असंही सांगितलं, आणि पॅकिंगचं सोमवारपासून, असं म्हणून तो काचेच्या खोलीत गेला. काका टेबलाच्या कडेशी खिळल्यासारखे बसून होते. त्यांनी मान वर केली नाही.

ॲप्रन अडकवायच्या खोलीत थोरलीनं धाकटीला गाठलं. दार लावून घेतलं, मास्क ओरबाडून काढला.

"सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस!"

"तुझी? माझी नाही झाली?" धाकटीचे हात आपोआप वर आले. रागात तिला तोंडाची भाषा पुरत नसे. नवऱ्याबरोबर, मित्रमैत्रिणींबरोबर ती हातांनी बोलायची, आणि हातांनी ती भांडखोर, विनोदी, पल्लेदार होती. पण थोरलीला त्या हातांतलं अक्षर कळत नव्हतं. तिनं कधी शिकूनच घेतलं नव्हतं. हातवारे करू नकोस, लोक बघतात, एवढंच तिला येत होतं. धाकटीनं हात खाली आपटले आणि पुन्हा तोंडानं बोलली. "बघू म्हणाले. रोज सांगायचीस, बघू म्हणाले. ते बघू कुणाचं होतं?"

थोरली खुंट्यांकडे बघत राहिली.

"माझ्याकडे बघून बोल! दिसलं नाही तर मला ऐकू येत नाही!"

"माझं होतं," थोरली म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "अगं, नव्या माणसाकडे पहिल्याच दिवशी दिवा मागायचा, पट्टा मागायचा, म्हणजे त्याच्या डोळ्यावर यायचं. हिच्यामागे कटकट आहे म्हणून काढूनच टाकलं असतं तुला. मी तुझी नोकरी राखत होते. आयुष्यभर तेच करतेय. कुणाच्या लग्नात धड गप्पा मारल्या नाहीत मी. हसायची वेळ आली की तू बाही ओढायचीस. दमते मी, कळतंय का तुला? दमते!"

धाकटीनं तिच्या ओठांवरून एकही शब्द निसटू दिला नाही. आणि यातलं बरंचसं खरं होतं, त्यानं तिचा संताप आणखीच भडकला.

"दमत होतीस तर बाजूला का झाली नाहीस? दिवा आला असता. तू सुटली असतीस."

"आणि मग मला कशाला ठेवलं असतं?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं. "काउंटरला हजार पोरी मिळतात. मला घेतलं ते तुझ्याशी बोलायला."

खोलीत टांगलेले ॲप्रन तेवढे दोघींच्या मधे राहिले. धाकटीला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. एक कामाला, एक सांगायला. तिच्या बहिरेपणाची थोरलीनं आपली खुर्ची करून ठेवली होती. तिला थोरलीची कीवही आली, आणि त्या कीवेचाही तिला राग आला. "यापुढे माझ्याबद्दल तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "चांगलंसुद्धा." आणि दार उघडून बाहेर पडली.

सोमवारी ती पॅकिंगला गेलीच नाही. आपला ॲप्रन घातला, टेबलावरचा दात भट्टीत ठेवला, एक स्टूल ओढलं आणि भट्टीसमोर हाताची घडी घालून बसली. जावई आला. त्यानं मास्क खाली केला, कारण ती त्याच्या मास्ककडे दगडासारखी बघत राहिली.

"हे काय चाललंय?"

"भट्टी बघतेय."

"आणि बाकीचं काम?"

"शिटी ऐकू येत नाही मला. तुम्हीच म्हणालात, धोका आहे. धोका नको म्हणून बघतेय."

"तुम्हाला पॅकिंगला सांगितलंय."

"मला कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही फोन बंद करा म्हणालात."

ती दिवसभर तशीच बसली. भट्टी भाजत होती तेवढा वेळ ब्रशला हात लावायचा नाही. भट्टी झाली की दात काढायचा, दुसरा थर चढवायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा स्टूल. दुसऱ्या दिवशी तेच. तिच्या टेबलावर डॉक्टरांची मापं साचू लागली. सिरॅमिकला नवीन मुलगा मिळत नव्हता. एक आला, दोन तास बसला आणि जेवायला म्हणून गेला तो गेलाच. पुढच्या काउंटरवर फोन खणाणत असावेत, कारण थोरली काचेपलीकडे एक फोन कानाला आणि एक हातात धरून बसलेली दिसायची. तिनं एकदाही आत येऊन धाकटीला काही सांगितलं नाही.

लोकांचे दोन तट पडले. काही जणांना वाटत होतं बाई माजली. शेजारच्या टेबलावरची मेण भरणारी मुलगी तिच्यापुढे येऊन मुद्दाम मास्क खाली करून म्हणाली, "तुमच्यामुळे आमच्यावर काम येतं." धाकटीनं तिला विचारलं, "इतके दिवस तुमच्यामुळे माझ्यावर येत होतं, तेव्हा कुठे होतीस?" मुलगी गेली. धाकटीला वाईट वाटलं, पण तिनं तिला परत बोलावलं नाही. रागाला एकदा वाट करून दिली की तो कुणाचं दार ठोठावेल याचा नेम नसतो, हे तिला त्या आठवड्यात कळलं. घरी नवऱ्यानं मीठ कमी पडलं म्हटलं तर तिनं ताट उचलून ठेवून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी पॉलिशवाले काका एक स्टूल घेऊन आले आणि तिच्या शेजारी भट्टीकडे तोंड करून बसले. तिनं भुवया उंचावल्या. काकांनी मास्क खाली केला.

"मी विसरलो नव्हतो त्या दिवशी," ते म्हणाले. "मला शिटी आलीच नाही. बरेच दिवस धड येत नाही. पॉलिशच्या मोटरींनी माझे कान खाल्ले. सांगितलं असतं तर मलाही पॅकिंगला पाठवलं असतं."

धाकटीला त्यांना दोन कानफटात द्याव्याशा वाटल्या. मीटिंगमध्ये खाली घातलेली त्यांची मान तिला आठवली. ती म्हणाली, "मग माझ्यावर का येऊ दिलंत?"

"घाबरलो," काका म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत. तिनंही त्यांना माफ केलं असं म्हटलं नाही. पण स्टूल थोडं सरकवून जागा करून दिली.

जावई काचेतून बघत होता. एक बसली होती तोवर ती तिची अडचण होती. दोघं बसल्यावर त्याला ती लॅबची अडचण वाटू लागली. त्यानं दोघांना आत बोलावलं, स्वतः मास्क काढला, आणि एका कागदावर लिहून प्रश्न तिच्याकडे सरकवला: काय काय हवं? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिच्या हातात पहिल्यांदाच आला होता. तिनं तिथल्या तिथे सांगितलं. टेबलावर दिवा, मनगटाला पट्टा, मीटिंगमध्ये फोन, आणि महिन्याच्या मोठ्या मीटिंगला हातांची भाषा जाणणारा दुभाषी, बाहेरचा. बहीण नाही.

"एवढं सगळं एका माणसासाठी?" जावई म्हणाला.

"मला दिवा द्या," काका मधेच म्हणाले. "म्हणजे दोन झाले."

हे सगळं लगेच आलं असं नाही. पहिला पट्टा आणला तो भलताच निघाला. भट्टी वाजो, फोन वाजो, दारावरची घंटा वाजो, सगळ्यालाच थरथरायचा. सकाळभर तिचा हात तापकऱ्यासारखा हलत होता. तिनं तो काढून जावयाच्या टेबलावर ठेवला आणि स्टुलावर जाऊन बसली. त्याला वाटलं ती खोड काढतेय. तो बरंच बोलला, ती फोनवर वाचत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "ह्यांना छापखान्यातून बोलावते. ते लावून देतील." नवरा आला, जावयाकडे बघून आधी पोटभर हसला, कारण नक्कल तंतोतंत होती, आणि मग संध्याकाळपर्यंत खटपट करून पट्टा फक्त भट्टीला जोडून दिला. काकांच्या टेबलावर दिवा लागला. पॅकिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कुणी माफीही मागितली नाही.

थोरलीला कुणी काढलं नाही. फोनवर डॉक्टरांना थोपवून धरायची कला त्या आठवड्यात तिनं अशी दाखवली की जावयानं तिलाच काउंटरची मुख्य केली. पण दोघी बहिणी बोलत नव्हत्या. जेवणाचे डबे वेगळ्या टेबलांवर उघडत होते. एकदा थोरलीनं लोणच्याची बाटली सरकवली; धाकटीनं ती तशीच परत सरकवली.

महिन्याच्या मीटिंगला दुभाषी आली. बोलणाऱ्याच्या शेजारी उभी राहून ती जे जे बोललं जाईल ते सगळं हातांनी सांगू लागली. सगळं म्हणजे सगळं. खोकला आला तरी, कुणी कुजबुजलं तरी. पहिला अर्धा तास चहाच्या कपांवर गेला. कप धुऊन ठेवायचे की नाही, बेसिनमध्ये कोण टाकतं, कुणाच्या कपाचा कान मोडला. धाकटीच्या कपाळावर आठ्या चढल्या. तिला वाटलं दुभाषी काहीतरी लपवतेय. ती म्हणाली, "खरंच हेच बोलतायत?" दुभाषीनं मान डोलावली.

मग जावयानं विषय काढला. रोज सकाळी अर्धा तास लवकर यायचं आणि शनिवारी दुपारीच सुटायचं, चालेल का? धाकटीनं हात वर केला. तिला हे हवं होतं. नवऱ्यालाही शनिवारी दुपारी सुट्टी असायची. तिनं हातांनी भराभर मांडलं, दुभाषीनं ते आवाजात मांडलं, आणि तिचे सहकारी अवाक होऊन ऐकत राहिले, कारण ही बाई इतकी लांब वाक्यं बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं.

तेवढ्यात समोरून थोरली उठली.

"मला नाही चालणार," ती म्हणाली. "सकाळी माझ्या घरात गोंधळ असतो. हिला काय झालंय? हिचा नवरा स्वयंपाक करतो!"

खोलीत हशा पिकला. दुभाषीचे हात थोरलीचं वाक्य तिच्या तोऱ्यासकट सांगत होते, हसणाऱ्यांच्या हशासकट. धाकटी हसली नाही. ती ताडकन उठली.

"तुझा नवरा करत नाही, तो माझा दोष?" तिचे हात हवेत कडाडले. "त्याला चहा तरी येतो का अजून? की ते पण तूच बघतेस, त्याच्या वतीनं?"

दुभाषीनं हे जसंच्या तसं मोठ्यानं सांगितलं. या वेळचा हशा आणखी मोठा होता. थोरलीचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला धाकटीनं लगेच, तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत उलटून उत्तर दिलं होतं, आणि तिला ते दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागलं होतं.

मतं घेतली. थोरलीनं विरोधात हात वर केला आणि धाकटीच्या डोळ्यांत डोळे घालून तो वरच ठेवला. काकांनीही विरोध केला. त्यांना सकाळी गुडघे धरतात म्हणे. मेण भरणारी मुलगी तेवढी धाकटीच्या बाजूनं होती. धाकटी साफ हरली. तिनं रागानं खुर्ची मागे ढकलली. काकांकडे, जावयाकडे, सगळ्या आळशी मेल्यांकडे एकेकदा बघून घेतलं.

माणसं उठून आपापल्या टेबलांकडे पांगली. दुभाषीनं पर्स खांद्याला लावली. तिची वेळ संपली होती. इतक्यात थोरलीनं टेबलाला वळसा घालून येऊन तिचा दंड धरला.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "तिला सांगा, माझा नवरा चहा उत्तम करतो. आणि लोणचं परत सरकवलंन त्याचं काय, ते विचारा. मला पुष्कळ बोलायचंय."

दुभाषीनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं खुर्ची पुन्हा पुढे ओढली, बाह्या सारल्या आणि हात वर केले.